मशीनचा आवाज

"मॅडम, मुलीला बारावीला ८१ टक्के आहेत. तरी फॅशन डिझायनिंगच करायचं म्हणते. स्कोप आहे का त्यात?"

बारावीनंतर काय करायचं, याचा सल्ला मी मुलांना आणि पालकांना देते. जून लागला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. कुणी 'डिझायनिंग' म्हणतं, कुणी 'सिलाई-बिलाई' म्हणून नाक मुरडतं, पण 'स्कोप' हा शब्द ठरलेला. इंदूरच्या मराठी घरांत त्याच्यामागोमाग "आमच्याकडे सगळे नोकरीतलेच" हेही येतं. मग मी माझं ठरलेलं भाषण काढायची. २०२४च्या जूनमध्ये ते भाषण सपशेल पडलं, त्याची ही हकिकत. घरच्यांना विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला मीरा म्हणू.

पहिल्या दिवशी मीरा, तिची आई आणि बाबा असे तिघं आले. बाबांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, तीत एका खाजगी संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक. वरच्या पानावर रॅम्पवर चालणारी मुलगी, आतल्या पानावर दोन वर्षांच्या डिप्लोमाची फी: तीन लाख चाळीस हजार. आज दहा हजार भरून सीट पक्की केली तर वीस हजारांची सूट. संस्थेतून दिवसाआड फोन येत होता, "सर, सीटें लिमिटेड हैं।"

फीचे पैसे आजी देणार होती. आजीकडे ते कुठून आले, हे इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं. मीराचे आजोबा हुकुमचंद या इथल्या कापड मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापड तपासून घड्या घालतात तिथे, होते. डिसेंबर १९९१मध्ये मिल बंद पडली आणि कामगारांची देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली ती बत्तीस वर्षं. २५ डिसेंबर २०२३ला २२४ कोटींचा धनादेश दिला गेला आणि मग हळूहळू लोकांच्या खात्यात पैसे पडू लागले. तोवर कितीतरी कामगार वारले होते. मीराचे आजोबाही. पैसे आजीच्या नावावर आले आणि आजी म्हणाली, हे नातीच्या शिक्षणाला.

मी भाषण सुरू केलं. आता जमाना बदललाय, डिझायनरला मान आहे, निफ्टसारखी फॅशन शिकवणारी सरकारी संस्था १९८६पासून आहे, भोपाळलाही तिचं केंद्र आहे, वगैरे वगैरे. आई मान डोलावत होती. बाबा मात्र पंख्याकडे बघत होते. भाषण संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताई, कापडाचं नाव आमच्या घरात नको."

मी वहीत लिहिलं: प्रतिष्ठेचा प्रश्न, 'मुलगी शिंपीण होणार' याची लाज. एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा हा एक तोटा असतो. माणूस वाक्य पुरं करायच्या आत आपण त्याला कप्प्यात टाकून मोकळे होतो.

मीराला मी दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावलं. तिनं चित्रांची वही आणली होती. लांब मानेच्या, नाकडोळे नसलेल्या बायका आणि त्यांच्या अंगावर ढगासारखे झगे. रेघ चांगली होती, पण रेघेवरून मला काही कळेना. कपाटात माझा एक ब्लाउज पडून होता. सुती, मोठ्या हौसेनं शिवून घेतलेला आणि दोनदा घालून बाजूला टाकलेला. तो तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "यात काहीतरी चुकलंय. हात वर केला की सगळा ब्लाउजच वर चढतो. बाही जोडतात तो मुंढा तर चांगला ऐसपैस आहे."

तिनं वही बाजूला सारली. ब्लाउज आधी उलटा केला. आतली शिवण बोटानं चाचपत काखेपाशी आली, थांबली. "ऐसपैस आहे म्हणूनच, मॅडम. मुंढा खाली खोल कापलाय. काखेपासून लांब गेला ना, की हात बाहीला ओढतो आणि बाही अख्ख्या ब्लाउजला. मुंढा काखेजवळ असला तर हात मोकळा उचलतो."

"मग दुरुस्त कर."

"नाही होणार." ती हसली. "कापलेलं परत कसं आणणार? काखेत चौकोनी तुकडा जोडता येईल, पण त्याच रंगाचं कापड मिळायला हवं. आणि जोडलेलं दिसेलच."

त्या अर्ध्या तासात तिनं 'क्रिएटिव्ह' हा शब्द एकदाही उच्चारला नाही, आणि माझं निम्मं काम झालं. वहीतल्या रेघा काढायला शिकवता येतं. कपडा हातात आला की आधी उलटा करणं हे आतून असावं लागतं. हे कुठून शिकलीस विचारलं तर म्हणाली, "आजीकडून."

मग आजीलाच बोलावणं भाग होतं. नंदानगरच्या जुन्या घरातून बाबा तिला स्कूटरवर घेऊन आले. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, हातात कापडी पिशवी. मी विचारायच्या आत तिनंच सुरुवात केली.

मिल बंद झाली तेव्हा बाबा सोळा वर्षांचे. आजोबा रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या फाटकावर जाऊन बसायचे, आज उघडेल उद्या उघडेल म्हणून. घर आजीच्या पायमशीनवर चालायचं. सीतलामाता बाजारातल्या एका दुकानाचे परकर ती डझनाच्या हिशेबानं शिवून द्यायची. दिवसा स्वयंपाकपाणी, मशीन रात्री. एका खोलीचं घर, त्याच खोलीत बाबांचा अकरावीचा अभ्यास आणि त्याच खोलीत ते मशीन.

"दोन दोन वाजेपर्यंत चालवायची हो," आजी म्हणाली. "हा कानावर उशी घेऊन झोपायचा."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "अजून ऐकू येतो. शेजारी कुणी मशीन चालवलं तरी झोप उडते."

वहीतलं माझं वाक्य मी तिथल्या तिथे खोडलं. या माणसाला लाज वाटत नव्हती. मिलच्या कापडानं बापाला फाटकावर बसवलं, परकराच्या कापडानं आईचे डोळे घेतले, आता मुलगीही त्याच वाटेनं निघाली म्हणून तो धास्तावला होता. आणि अशा माणसाला मी रॅम्पच्या गोष्टी ऐकवत होते!

आजीचं म्हणणं नेमकं उलटं होतं. "त्या मशीनवर तुझी फी भरली ना? मग मशीन वाईट कसं? वाईट ते डझनाचे पैसे ठरवणारा." वाक्य तिथेच टाकून ती पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढून वाटायला लागली.

पुढच्या भेटीत कागद घेऊन बसलो आणि जे आहे ते सांगितलं. इंदूरात रेडीमेडचं काम भरपूर आहे, लहान मुलांचे कपडे, गणवेश. पण मशीनवर बसणाऱ्या कारागिराला आजही बहुतेक ठिकाणी नगावर पैसे मिळतात आणि हंगाम सरला की हात रिकामे. बाबांची धास्ती खोटी नव्हती. फरक पडतो तो एक पायरी वर. ज्याला माप घेऊन कागदावर पॅटर्न काढता येतो, त्याच पॅटर्नचे लहानमोठे साइझ पाडता येतात, कापडाचा उभा धागा सांभाळून कमीत कमी कापड वाया घालवत कापता येतं, त्या माणसाला कारखानदार जपतो. कटिंग मास्तर रजेवर गेला की वीस मशीनं बसून राहतात. डिझायनर रजेवर गेल्यानं कुठे काम थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (हे थोडं तिखट झालं, माहीत आहे.) आणि त्या पायरीवर जायला मशीनवरूनच जावं लागतं.

मग वाटा पाहिल्या. निफ्टला बारावीनंतर चार वर्षांची पदवी, देशभराची प्रवेश परीक्षा, त्या वर्षीची परीक्षा होऊन गेलेली आणि खर्च लाखांत. सरकारी आयटीआयमध्ये एक वर्षाचे ट्रेड असतात. 'सुइंग टेक्नॉलॉजी'ला (शिवणकाम) आठवी पास पुरते, 'फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी'ला दहावी. फी खाजगीच्या मानानं नगण्य. कोणत्या आयटीआयत कोणता ट्रेड आहे ते प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावं लागतं, सगळीकडे सगळे नसतात. आजीनं पीएम विश्वकर्मा योजनेचं विचारलं, तिच्या भजनी मंडळात चर्चा होती. २०२३च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत, शिंपीकामही आहे, अवजारांसाठी १५ हजारांची मदत आहे. पण ती आधीपासून हातानं काम करून पोट भरणाऱ्यांसाठी. शिकायला सुरुवात करणाऱ्या मुलीचा कोर्स म्हणून तिच्याकडे बघू नये. ही गल्लत खूप घरांत होते.

'आठवी पास' ऐकताच आई पहिल्यांदा बोलली. "८१ टक्के मिळवून आठवी पासच्या वर्गात?" तिचं दुखणं वेगळं होतं, आणि तिला गप्प करणारं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हटलं, आठवी ही आत शिरायची अट आहे. आत गेल्यावर मशीन कुणाची मार्कशीट बघत नाही. तिला पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

खाजगी संस्था मी बाद केली नव्हती. बाबांना एवढंच सुचवलं की एक रुपयाही भरायच्या आधी एकदा वर्ग चालू असताना जाऊन या. मुलांनी शिवलेले कपडे मागा, मशीनं किती आणि मुलं किती ते मोजा, कटिंग कोण शिकवतं विचारा, प्रमाणपत्रावर कोणाचा शिक्का असतो ते बघा, आणि मध्येच सोडलं तर फीचं काय, ते लेखी मागा. बाबा औषधांच्या एका वितरकाकडे हिशेब बघतात. असली कामं त्यांना आवडतात.

परत आले ते चेहरा पाडून नव्हे, खुशीतच. तिथे त्यांना पुतळ्यावर चढवलेला, मुलांनी केलेला एक झगा दाखवला होता. समोरून झकास. बाबांनी तो काठाला धरून उलटा केला. आत कडा उसवू नयेत म्हणून करतात ते ओव्हरलॉक कुठे नाही, दोरे लोंबताहेत आणि खालची दुमड चिकटवलेली. "आमचे बाबा फोल्डिंगमध्ये थान उलटं करून बघायचे," ते म्हणाले. "सुलट बाजू काय, कुणीही दाखवतो." चाळीस मुलांमागे सहा मशीनं होती, त्यातली दोन बंद. शिक्क्याचं विचारल्यावर उत्तर आलं, "हमारा खुद का ब्रँड है।"

घरात तीन पिढ्यांना तीच खोड होती, कपडा उलटा करून बघायची. ती 'कापडाचं नाव नको' म्हणणाऱ्यातही होती, हे मी त्यांना सांगितलं नाही. न सांगितलेलं बरं असतं कधीकधी.

मीराला मी फॉर्म भरण्याआधी तीन आठवडे ओळखीच्या एका कटिंग मास्तरांकडे बसवलं. असं मी आता सगळ्यांनाच सुचवते. पहिला आठवडाभर मास्तरांनी तिला फक्त उसवायला दिलं. दुसऱ्यांनी चुकवलेल्या शिवणी, कापडाला भोक न पाडता. तिसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, डोळे दुखतात." दहाव्या दिवशी फोन, "मॅडम, उसवताना कळतं कोण घाईत शिवतं." दोन्ही फोन मी वहीत लिहून ठेवले. असे दोन्ही फोन आले की मला बरं वाटतं. नुसता पहिला आला तर दुसरा मार्ग शोधायचा. नुसता दुसरा आला तर मुलगी मला खूश करायला बोलते आहे.

शेवटी आयटीआयचं शिवणकाम ठरलं आणि ऑगस्टमध्ये ती तिथे जायला लागली. सुरुवातीला दोरा न ओवताच, कागदावर आखलेल्या रेघांवर मशीन चालवायचं, सुईची भोकं रेघेवर पडली पाहिजेत. ८१ टक्केवालीची भोकं आठवडाभर नागमोडी गेली आणि आठवी पास, घरी फॉल-पिको करणाऱ्या, वर्गातल्या शेजारणीची पहिल्याच दिवशी सरळ गेली. मीरानं हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. शेवटी त्या शेजारणीनंच तिला युक्ती दिली, सुईकडे बघू नको, सुईच्या पुढच्या रेघेकडे बघ.

वर्ष संपलं. सध्या ती एका लहान कारखान्यात नमुने शिवते, मास्तरांच्या हाताखाली पॅटर्न शिकते. पगार कमीच आहे. निफ्टची परीक्षा द्यायची म्हणते, कधी म्हणते नको. मी विचारत नाही. आजीचे पैसे बहुतेक बँकेतच आहेत.

बहुतेक म्हणते, कारण मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला होता. घरी सरावाला कारखान्यातल्यासारखं मशीन घ्यायचं होतं. दुकानात दोन प्रकार दाखवले, एकाला जुन्या पद्धतीची क्लच मोटर, एकाला सर्व्हो. सर्व्होवालं महाग. मला मशीनमधलं काय कळतं, पण त्यांनीच चौकशी केली होती. क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत घुंघुं करत राहते, शिवा नाहीतर बसून राहा. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, पाय काढला की गप्प.

"सर्व्होच घेतलं ताई," ते म्हणाले. "आणि दहानंतर चालवायचं नाही, असं पोरीला सांगितलंय."

"ऐकते का?"

"नाही. काल साडेअकराला उठून बघितलं तर बसलीच होती." मग जरा थांबून म्हणाले, "मला आवाजानं जाग आली नव्हती. पाणी प्यायला उठलो होतो."