झडप सारखीच अरुंद, मग भिंत एकाचीच जास्त जाड का?

वडील आणि चुलते या सख्ख्या भावांची महाधमनीची झडप जवळपास सारखीच अरुंद असताना वडिलांच्या हृदयाची भिंत १५ मिलिमीटर आणि चुलत्यांची ११ कशी, आणि हे आनुवंशिक आहे का, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात बरीच वर्षे इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना हा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

झडपेचे तोंड १ चौरस सेंटिमीटरहून लहान झाले की डाव्या जवनिकेला (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याला) रक्त पुढे रेटण्यासाठी फार जास्त दाब निर्माण करावा लागतो आणि तो ताण पेलण्यासाठी तिची भिंत जाड होते. मात्र सारख्याच भाराला प्रत्येकाचा स्नायू सारखा प्रतिसाद देत नाही, आणि येथे जनुकांचा संबंध येतो. एसीई नावाच्या जनुकात डीएनएच्या २८७ अक्षरांचा एक तुकडा काहींत असतो, काहींत नसतो. दोन्ही प्रतींत तो नसलेल्यांच्या रक्तात एसीई हे विकर जास्त आढळते, आणि त्याच्यामुळे तयार होणारे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक हृदयाच्या पेशींना वाढण्याचा इशारा देते. आई-वडिलांकडून कोणती प्रत मिळेल हे प्रत्येक अपत्यागणिक वेगळे असल्याने सख्ख्या भावांतही फरक पडतो. तथापि झडपेच्या रुग्णांत या जनुकाचा परिणाम काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. म्हणून केवळ त्यासाठी जनुकचाचणीवर पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

त्याआधी मोजमाप तपासावे. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून पडद्यावर भिंतीच्या दोन कडांवर ठिपके ठेवताना प्रोब (छातीवर टेकवायचे उपकरण) जरासा तिरका असला, तरी भिंत आहे त्याहून जाड दिसते. वडिलांना बऱ्याच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे का, तेही पाहावे. आमच्याकडे तालमीत घाम गाळलेल्या माणसाची जाडी ‘पैलवानी’ म्हणून सोडून देतात. पण व्यायामाने आलेली जाडी व्यायाम सुटल्यावर बरीच ओसरते.

१५ मिलिमीटरची भिंत एकाच बाजूला फुगलेली असेल, तर मात्र मुळातच स्नायूचा आनुवंशिक आजार आहे का, हे हृदयरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. झडप जन्मतः तीनऐवजी दोन पाळ्यांची असेल, तर तो दोष घराण्यात उतरू शकतो. तसे निघाल्यास आपण आणि आपल्या भावंडांनीही एकदा इको करून घ्यावा.