उसाच्या ट्रॉलीमागं जरा दमानं

भावा, लायसन आलं, अभिनंदन. आता कागलकडं हायवेला गाडी पळवून बघायची खाज सुटंल, ती दाब.

ताशी ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. ४० चे ८० केलेस की ब्रेकला अंतर दुप्पट नाही, चौपट लागतं. त्यात गळीत हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेला ऊस थेट काचेच्या उंचीला. पंचवीस वर्षं चालवतोय, तरी एकदा शिरोलीजवळ असा ऊस बॉनेटपासून दोन हातांवर दिसला. त्या रात्री जेवण गेलं नाही. म्हणून डिपरच्या, म्हणजे खाली पाडलेल्या लाइटच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेव.

आंबा घाट ज्या गिअरला चढशील, त्याच गिअरला उतर. सारखा ब्रेक दाबलास तर तापून लागायचाच बंद होतो. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे भेटतील. त्यांना रंकाळ्यावर भेळ चार, गाडी देऊ नकोस.

आणि मागं बसलेल्या आईलाही बेल्ट लावायला सांग. साडी चुरगळली तर चुरगळू दे.