रिअॅक्शन बरोबर, मग बेंडिंग मोमेंट कुठे चुकला?

तुमचं गणित वहीत उतरवून मुळापासून सोडवलं. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात सांगतो. एक आडवा बीम (तुळई) आहे: डावीकडे ए हा आधार, ५ मीटरवर बी हा दुसरा आधार, आणि बीच्या पुढे १.५ मीटर गॅलरी बाहेर आलेली, तिचं टोक सी. सगळ्या ६.५ मीटरवर मीटरला २० किलोन्यूटन यूडीएल (सारखा पसरलेला लोड), शिवाय सीवर कठड्याचा १० किलोन्यूटन पॉइंट लोड (एकाच जागी येणारा). तुमच्या रिअॅक्शन (आधार बीमला वर ढकलतात तो जोर) पुस्तकाशी जुळल्या, पण जास्तीत जास्त बेंडिंग मोमेंट (बीमला वाकवणारा परिणाम) १३८ किलोन्यूटन मीटर आला आणि उत्तरात ४५ आहे.

रिअॅक्शन पुन्हा तपासू. एकूण यूडीएल १३० किलोन्यूटन, तो एपासून ३.२५ मीटरवर धरायचा. एभोवती मोमेंट घेतले की १३० गुणिले ३.२५ म्हणजे ४२२.५, त्यात १० गुणिले ६.५ म्हणजे ६५, बेरीज ४८७.५. त्याला ५ ने भागलं की बीची रिअॅक्शन ९७.५, आणि १४० मधून ती वजा केली की एची ४२.५. इथवर तुमचं अगदी बरोबर आहे.

चूक पुढे झाली. ३.२५ मीटरवर धरलेला तो १३० चा बाण तुम्ही तसाच ठेवला आणि त्याच्याखालचा मोमेंट ४२.५ गुणिले ३.२५, म्हणजे १३८.१ काढला. तो बाण फक्त रिअॅक्शन काढण्यापुरता असतो. रिअॅक्शन मिळाल्या की तो खोडून टाका आणि पसरलेला लोड पुन्हा जागेवर आणा.

घरची धुणं वाळत घालायची दोरी आठवा. मधोमध एकच ओली गोधडी टाकली की दोरी दोन्ही बाजूंनी सरळ राहते आणि मध्ये टोकदार खाली येते. तेवढ्याच वजनाचे कपडे ओळीने पसरले की ती गोलसर झोळते. टोकांना वजन तेवढंच पेलायचं असतं, आकार मात्र पार वेगळा. साध्या बीमचा मोमेंट डायग्राम हुबेहूब असाच वागतो: मधल्या पॉइंट लोडखाली डब्ल्यू एल भागिले ४ (डब्ल्यू म्हणजे एकूण लोड, एल म्हणजे स्पॅन, दोन आधारांमधलं अंतर), तोच लोड पसरला तर डब्ल्यू एल भागिले ८. बरोबर निम्मा. म्हणून पसरलेल्या लोडचा एक बाण केला की रिअॅक्शन बिघडत नाहीत, पण मोमेंट भलताच फुगतो.

आता रीतसर काढू. एपासून एक्स अंतरावर बीम कापला असं समजा आणि उजवा भाग हाताने झाका. डाव्या तुकड्यावर जे दिसतं तेवढंच मोजायचं: वर ढकलणारे ४२.५ आणि खाली फक्त एक्स लांबीवरचा लोड, म्हणजे २० एक्स. हा २० एक्स त्या तुकड्याच्या मध्यावर धरता येतो, कारण तो तुकड्यात संपतो. शिअर फोर्स (कापलेल्या जागी बीमला वर-खाली सरकवू पाहणारा जोर) झाला ४२.५ वजा २० एक्स, मोमेंट ४२.५ एक्स वजा १० एक्स वर्ग. माझ्या मते सगळा विषय या झाकलेल्या हातात आहे. सूत्रं पाठ करण्यापेक्षा ही सवय लावा.

शिअर एपाशी ४२.५, उतरत बीच्या जरा आधी उणे ५७.५. बीला ९७.५ ची उडी, म्हणजे अधिक ४०. गॅलरीत ३० कमी होऊन टोकाला १० उरतात आणि कठड्याच्या १० ने शून्य. शेवटी शून्य आलं नाही तर पुढे जाऊच नका, मागे काहीतरी चुकलंय.

शिअर २.१२५ मीटरवर शून्य होतो, तिथेच मोमेंट सगळ्यात जास्त: ४५.१६ किलोन्यूटन मीटर. हेच तुमचं उत्तर. स्पॅनच्या मध्यावर, २.५ मीटरला, तो ४३.७५ आहे, गॅलरीच्या वजनाने जास्तीत जास्त मोमेंटची जागा एच्या बाजूला सरकली. बीवर उजवीकडून मोजा: २२.५ अधिक १५, म्हणजे ३७.५, आणि तो हॉगिंग, म्हणजे बीमची वरची बाजू ताणणारा. डावीकडून २१२.५ वजा २५० केलं तरी उणे ३७.५ च येतो. दोन्ही बाजूंनी जुळणं ही सगळ्यात भरवशाची तपासणी.

एक बारकावा जास्त महत्त्वाचा. मोमेंट शून्य कुठे होतो? ४.२५ मीटरवर. म्हणजे बीच्या आत, खोलीच्या बाजूला, ०.७५ मीटरपर्यंत बीम वरच्या अंगाने ताणात आहे. नोकरीला लागलो तेव्हा एका साइटवर गॅलरीच्या बीमच्या वरच्या सळ्या कॉलमच्या आत जेमतेम वीतभर नेल्या होत्या. फिटरचं म्हणणं, गॅलरी बाहेर आहे, आत कशाला स्टील? सेंट्रिंग खोललं आणि कॉलमच्या आतल्या तोंडाशी बीमला वरून भेग दिसली. खालची बाजू स्वच्छ. लगेच टेकू परत लावले, तेवढं काँक्रीट फोडून सळ्या वाढवल्या. ती भेग आजही डोळ्यांसमोर आहे.

काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ : २००० सांगतं की आधारावरच्या वरच्या स्टीलपैकी किमान एक तृतीयांश सळ्या या शून्य मोमेंटच्या बिंदूच्याही पुढे न्यायच्या: इफेक्टिव्ह डेप्थ (बीमच्या दाबातल्या कडेपासून ताणातल्या सळ्यांच्या मध्यापर्यंतची खोली), सळईच्या व्यासाच्या १२ पट किंवा क्लिअर स्पॅनचा (आधारांच्या आतल्या तोंडांमधल्या अंतराचा) सोळावा भाग, यांतलं जे जास्त असेल तितकं. इफेक्टिव्ह डेप्थ ४०० मिलिमीटर धरली तर तुमच्या बीममध्ये बीच्या मध्यापासून आत १.१५ मीटर.

परीक्षेत एवढं पुरेल. पण डिझाइन करायचं असेल तर गॅलरी रिकामी धरूनही एकदा सोडवा. समजा २० पैकी ८ लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचा बदलता भार) आहे आणि तो फक्त खोलीत आहे. गॅलरीवर १२ च राहिले, की बीवरचा हॉगिंग २८.५ वर येतो, एची रिअॅक्शन ४४.३ होते आणि स्पॅनमधला मोमेंट ४५.१६ वरून ४९.०६ वर चढतो. वजन कमी केलं आणि मोमेंट वाढला, कारण गॅलरी स्पॅनला वर उचलून धरत होती. खालचं स्टील या ४९ साठी द्या, वरचं गॅलरी भरलेली असतानाच्या ३७.५ साठी. उलट बाजूही सोडवा: खोली रिकामी, गॅलरीत माणसं. बीवरचा मोमेंट तोच ३७.५ राहील, पण शून्य मोमेंटचा बिंदू बीपासून आणखी आत सरकेल, आणि वरच्या सळ्यांची लांबी त्यावरूनच ठरवावी लागेल. किती सरकतो ते काढून इथे टाका, मी तपासून देतो.