वारंवार तोंड येणं: बी-कॉम्प्लेक्सच्या आधी काय पाहावं

तुमचे प्रश्न दोन आहेत. दर दीड-दोन महिन्यांनी तोंड येतं, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी संपवूनही पुन्हा येतं, असं का? आणि घरच्यांना त्याची लागण होईल का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. मधे पिवळट-पांढरा थर, भोवती लालभडक कडा, आकार गोल किंवा लांबट, ओठाच्या वा गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली, असं असेल तर तो नेहमीचा व्रण आहे आणि तो संसर्गजन्य नाही. टाळूच्या कडक भागावर किंवा दाताला घट्ट चिकटलेल्या हिरडीवर आधी बारीक पाण्याचे फोड घोळक्याने उठून मग फुटले असतील, तर मात्र हर्पिसची, म्हणजे विषाणूच्या संसर्गाची, शंका घ्यावी. तो पसरतो आणि त्यावर स्टेरॉइडचं मलम लावायचं नसतं.

आता पहिला प्रश्न. आलेला व्रण बरा करणं आणि पुढचा येऊ न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. लहान व्रण 7 ते 14 दिवसांत आपोआप भरतोच, त्यामुळे त्या दिवसांत जे घ्याल त्यालाच गुण आला असं वाटतं. बी-कॉम्प्लेक्सचं बऱ्याचदा तेच होतं. कमतरता लोहाची असेल तर त्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही.

आलेल्या व्रणासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खाल्ल्यावर गुळण्या करा. 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) वापरत असाल तर 10 मिलीने गुळणी, एक मिनिट, दिवसातून दोनदा. दात घासल्याबरोबर मात्र ते घेऊ नका, निदान अर्धा तास जाऊ द्या, कारण टूथपेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोन 0.1 टक्केचं तोंडात लावायचं स्टेरॉइड मलम दिलं, तर बहुतेक जण ते चुकीचं लावतात. इतर मलमांसारखं चोळलं की ते दाणेदार होतं, भुगा पडतो आणि लाळेबरोबर वाहून जातं. आधी स्वच्छ कापसाने जागा अलगद टिपून कोरडी करा. टाचणीच्या डोक्याएवढं मलम बोटावर घ्या, व्रणावर टेकवा, हलकं दाबा आणि बोट उचला. थोड्या वेळात त्याचा गुळगुळीत पापुद्रा बनतो. तो बनला म्हणजे जमलं. पुढे अर्धा तास खाणं-पिणं नको. झोपताना लावलेलं रात्रभर टिकतं, म्हणून ती वेळ चुकवू नका. चुरचुर सुरू होताच पहिल्या एक-दोन दिवसांत लावलं तर उपयोग जास्त. अ‍ॅस्पिरिनची गोळी व्रणावर धरून ठेवणं मात्र पूर्ण बंद करा. तिने कातडी भाजते आणि जखम मोठी होते.

पुन्हा येऊ नये म्हणून सगळ्यात आधी रक्त तपासा: हिमोग्राम, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड). रक्त देऊन झाल्यावरच गोळ्या सुरू करा, आधी घेतल्या तर बी-12चा आकडा फसवा येतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिडही मनाने घेत राहू नका. बी-12 कमी असताना त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

त्याच्या जोडीला सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहा. सगळ्यांना फरक पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांना चांगलाच पडतो. दर वेळी त्याच जागी येत असेल तर त्या जागेला लागणाऱ्या दाताची धार, तुटलेलं फिलिंग किंवा कवळीची कड तपासून घ्या. जागरण, ताण, मासिक पाळी, नुकतंच सोडलेलं धूम्रपान यांचाही संबंध असतो. औषधंही आठवा: छातीच्या दुखण्यावरची निकोरँडिल, काही वेदनाशामकं. मेथोट्रेक्झेट (संधिवात, सोरायसिस अशा आजारांवरचं औषध) घेणाऱ्याचं तोंड आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं.

व्रण 1 सेंटिमीटरहून मोठा असेल, सोबत ताप, डोळ्यांची लाली, जननेंद्रियावर व्रण, सतत जुलाब किंवा वजन घटणं असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि 3 आठवड्यांत न भरलेला व्रण दुखत नसला तरी दाखवाच. दुखत नाही, कडा हाताला कडक लागतात, शेजारी लाल-पांढरा चट्टा आहे, अशा व्रणाची तर अधिक काळजी वाटते, तंबाखू असेल तर फारच. म्हणून व्रण दिसेल त्या दिवशी तारीख आणि जागा दोन्ही लिहून ठेवा. जुना भरत असताना शेजारी नवा उठला तर दोन्ही मिळून एकच वाटतात आणि दिवसांचा हिशेब चुकतो.