काजळ कोपरा सोडत नाही

‘‘ताई, आम्ही चूक तर नाही ना केली? तिला आम्ही आवडतच नाही.’’

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय, की समोरच्याने ‘रेसमधून निवृत्त झालेला ग्रेहाउंड आणलाय’ असं म्हटलं की पुढचं काय येणार हे मला कळतं. ग्रेहाउंड म्हणजे शर्यतीत धावणारी सडपातळ, वेगवान कुत्र्यांची जात. मी इंग्लंडमध्ये कुटुंबांचं समुपदेशन करते. येणाऱ्यांत मराठी घरं बरीच असतात. प्राण्यांची डॉक्टर मी नव्हे. पण घरात नवा जीव आला की सगळ्यांची नाती कशी हलतात, हा माझाच विषय आहे. काजळची गोष्ट तिच्या घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

काजळ काळीभोर, चार वर्षांची. दोन्ही कानांच्या आत हिरवट अक्षरं गोंदलेली, म्हणजे जन्म आयर्लंडचा. ब्रिटनच्या ट्रॅकवर धावणारे बहुतेक ग्रेहाउंड तिकडूनच येतात. मागच्या पायाला दुखापत झाली, धावणं संपलं आणि अशा कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या एका संस्थेमार्फत ती या घरी आली. घरात आई, बाबा आणि आठ वर्षांची मुलगी. तिसऱ्या आठवड्यात मुलीने झोपलेल्या काजळच्या गळ्यात हात टाकला आणि ती गुरगुरली. चावली नाही. पण बाबा म्हणाले, ‘‘उद्याच संस्थेला फोन करतो.’’ आई रडली, मुलगी दोघांशीही बोलेना. त्या अवस्थेत तिघं माझ्यासमोर बसली होती.

‘‘दिवसभर काय करते काजळ?’’

‘‘काही नाही. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून. फिरायला नेली की मधेच दगडासारखी उभी. जिना बघून थरथरते. आणि आम्ही इतकं प्रेम करतो तिच्यावर!’’

‘‘प्रेम करता म्हणजे काय करता?’’

आईने यादी सांगितली. येता-जाता कुरवाळणं, झोपली असली तरी पापा घेणं, पाच-पाच मिनिटांनी हाक, शनिवार-रविवार बघायला येणारी मित्रमंडळी, फोटो. मी ऐकत होते आणि माझाच श्वास कोंडायला लागला.

या कुत्र्यांचं आधीचं आयुष्य डोळ्यांपुढे आणल्याशिवाय हे समजत नाही. मँचेस्टरच्या बेल व्ह्यूवर जुलै १९२६ मध्ये ब्रिटनची पहिली आधुनिक शर्यत झाली, तेव्हापासून पद्धत साधारण तीच. पत्र्याच्या पिंजऱ्यासारख्या ट्रॅपमध्ये सहा कुत्री, यांत्रिक ससा सुटतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं संपतं. उरलेला दिवस केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवतात त्या खुराड्यांत. खाणं, बाहेर सोडणं, झोप, सगळं ठरल्या वेळी, आजूबाजूला कायम इतर ग्रेहाउंड. जिना नाही, काचेचं दार नाही, वॉशिंग मशीन नाही, टीव्ही नाही. एकटं राहणं तर ठाऊकच नाही. असा जीव एका दुपारी तुमच्या गालिच्यावर येऊन उभा राहतो आणि आपण म्हणतो, बघ, सुटलीस तू, आता खूश हो.

बाबा अगदी सरळ बोलले. ‘‘आम्ही तिला वाचवलं. निदान शेपूट तरी हलवेल.’’

मला त्यांचा राग आला नाही. मनातली उधारी माणूस सहसा बोलून दाखवत नाही. त्यांनी दाखवली, म्हणून पुढचं काम सोपं झालं.

गोष्ट फिरली ती तिसऱ्या भेटीत. त्या दिवशी आई एकटीच आली होती. ‘‘रोज विचारते तिला, आवडतंय ना गं इथे?’’ असं ती सहज म्हणाली आणि थांबली. मी गप्प राहिले. माझ्या कामात मला काही येत असेल, तर ते हे गप्प राहणं. ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. मग ती म्हणाली, ‘‘मला पण सगळे हेच विचारायचे.’’

नऊ वर्षांची असताना तिला शाळेसाठी मामाकडे ठेवलं होतं. मामा-मामी प्रेमळ. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, आवडतंय ना? ती मान डोलवायची. आणि रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपायची, कधीही निघायची वेळ आली तर असावं म्हणून.

‘‘दप्तर कधी सुटलं?’’

‘‘दिवाळीच्या आसपास.’’ जूनमध्ये आलेली मुलगी ती! ‘‘आजी होती तिथे. ती काहीच विचारायची नाही. दुपारी ओसरीवर शेंगा फोडत बसायची. एक दिवस मीच जाऊन बसले शेजारी. तिने वर पाहिलं नाही. थोड्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या, बस.’’

मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. ती आता रडत नव्हती. तिला काय करायचं हे कळलं होतं आणि ते मी सांगितलेलं नव्हतं. माझं शिक्षण मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्याचा अभ्यास करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या परंपरेतलं. आधाराची जागा पक्की झाली की लेकरू आपणहून जगाकडे निघतं, यावर माझा विश्वास आहे. लेकराच्या जागी ग्रेहाउंड ठेवला तरी तो विचार मला उणा वाटलेला नाही.

त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी त्याच वेळी हॉलमध्ये जमिनीवर, काजळकडे पाठ करून मटार सोलत बसली. हाक नाही, खाऊ नाही. चार दिवस काहीच घडलं नाही. पाचव्या दिवशी नखांचा आवाज आला, मग खांद्यावर हळूहळू वजन. काजळ उभ्यानेच तिच्यावर रेलली होती. ग्रेहाउंड असे रेलतात, ती त्यांची जवळीक. आईने मटार सोलणं थांबवलं नाही. हे सांगताना तिचा हात आपोआप त्या खांद्यावर गेला होता.

ज्यांच्या घरी आज अशीच काजळ कोपऱ्यात बसली आहे, त्यांना मी काय सांगते?

आधी व्हेट, म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. गुरगुरण्यामागे दात, तळव्यातलं कुरूप किंवा जुनी दुखापत ठसठसत असेल, तर समुपदेशनाने ती बरी होत नाही. तिकडून निर्धास्त झालात की झोपेचा नियम, आणि यात तडजोड नाही: झोपलेल्या ग्रेहाउंडला हात लावायचा नाही, लांबून नावाने हाक मारून जागं करायचं. यांतले बरेच अर्धवट उघड्या डोळ्यांनी झोपतात, त्यामुळे जागेच वाटतात. आणि झोपेत अंगावर हात पडायची सवय केनेलमध्ये कुणालाच नसते. काजळची गुरगुर रागाची नव्हती, दचकण्याची होती. गुरगुरल्याबद्दल ओरडू नका. ती तिची भाषा आहे. तीच बंद केलीत तर पुढच्या वेळी इशारा मिळणार नाही. तिच्या अंथरुणावर मुलांनी जायचं नाही. मूल आणि कुत्रा एकत्र असताना तिथे मोठं माणूस हवंच.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा या संस्थांमध्ये सांगतात. तीन दिवसांत धास्ती ओसरायला लागते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. तंतोतंत कुणाचंच होत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात निकाल लावायचा नसतो एवढं त्यातून कळावं. एकटं राहायला मिनिटा-मिनिटाने शिकवा. रस्त्यात थिजली तर ओढू नका, शेजारी उभे राहा. बाहेर पट्टा कधीच सोडू नका; ससा किंवा मांजर दिसलं की ताशी साठ किलोमीटरच्या वेगापुढे तुमची हाक पोहोचत नाही. संस्थेने मुसकं वापरायला सांगितलं असेल तर लाज बाळगू नका, यांना त्याची सवय असते. अंगावर चरबी नसते, कातडी पातळ, म्हणून थंडीत कोट लागतोच. आणि आपल्या स्वयंपाकघरातले कांदा, लसूण, बेदाणे तिच्या तोंडाला लागू देऊ नका.

इतकं करूनही जमलं नाही, तर संस्थेला फोन करण्यात अपराध नाही. चांगल्या संस्था कुत्रा परत घेतात. मात्र तो फोन चिडून करू नका.

न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये या शर्यती बंद करण्याचं जाहीर केलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. ट्रॅक बंद होतील तशी यांना आणखी घरं लागतील. चार-पाच वर्षांचा ग्रेहाउंड पुढे सहज आठ वर्षं जगू शकतो. निम्म्याहून जास्त आयुष्य घरातच जायचं असतं.

काजळच्या बाबांचा परवा मेसेज आला. ती आता दुपारी उताणी, चारी पाय वर करून झोपते. आणि त्या सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पुढचे दोन्ही पाय ठेवून थोडा वेळ उभी राहिली, मग उतरून आपल्या जागेवर गेली. खाली लिहिलं होतं, ‘आम्ही तिघंही तिथेच होतो. कुणी काही बोललं नाही.’