सुगंध पडद्यावर कसा पोहोचवावा?

प्रश्न : आमचे अत्तरे आणि उदबत्त्यांचे पिढीजात दुकान आहे. आता मोबाइल अ‍ॅप करून घ्यायचे आहे; परंतु वास न घेता ग्राहक खरेदी कशी करील? रचना करताना कशाला महत्त्व द्यावे?

उत्तर : दुकानात आपण गिऱ्हाइकाच्या मनगटावर अत्तराचा फाया फिरवता, अ‍ॅपमध्ये ते काम शब्दांना करावे लागते, म्हणून सर्वाधिक कष्ट वर्णनावर घ्यावेत. ‘मोहक’, ‘दरवळणारा’ अशा विशेषणांनी काहीच कळत नाही. कनौजच्या मिट्टी अत्तराचे उदाहरण घ्या. भाजलेल्या मातीचा अर्क भपक्यातील, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या तांब्याच्या भांड्यातील, चंदनतेलात उतरवतात, त्यामुळे आधी पहिल्या पावसाचा वास येतो आणि मागे चंदन रेंगाळते, असे लिहिले की वाचणाऱ्याच्या नाकाला काही तरी गवसते. अत्तराचा आधार चंदनतेलाचा आहे की पॅराफिन या स्वस्त खनिज तेलाचा, हे किमतीशेजारीच ठळक अक्षरांत सांगावे. ते लपवणे ही माझ्या मते फसवणूकच आहे.

उघडलेली कुपी परत घेऊन पुन्हा विकता येत नाही. यास्तव वाळा, केवडा, हिना, मोगरा अशा पाच-सहा नमुना-कुप्यांचा संच पहिल्याच पानावर ठेवावा आणि त्याची किंमत पुढील खरेदीतून वजा करावी. अल्कोहोलयुक्त स्प्रे ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाने पाठवण्यावर निर्बंध असतात आणि माल पोहोचायला वेळ लागू शकतो; तेव्हा पिनकोड टाकताच, पैसे भरण्यापूर्वीच, माल पोहोचण्याचा अंदाजे दिवस दिसला पाहिजे.