'धार्मिक षडयंत्र' आणि 'श्रद्धेवर विश्वास'

प्रश्न असा आला आहे: ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत 'कॉन्क्लेव्ह' (2024) हा चित्रपट दाखवायचा आहे. फलकावर मजकूर लागला, 'धार्मिक षडयंत्राचा थरारपट! श्रद्धेवर विश्वास असणाऱ्यांनी चुकवू नये.' काही सभासदांना 'धार्मिक षडयंत्र' खटकलं, काहींना 'श्रद्धेवर विश्वास'. चूक नेमकी कुठे आहे आणि त्याजागी काय लिहावं?

तक्रारी दोन्ही रास्त आहेत. आधी 'धार्मिक' पाहू. मराठीत धार्मिक बाई म्हणजे देवधर्म करणारी, धार्मिक विधी म्हणजे पूजाअर्चा, आणि धार्मिक चित्रपट म्हटलं की संतपट नाहीतर पौराणिक पट. हे विशेषण षडयंत्राला जोडलं की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी धर्म बुडवायला निघालंय. चित्रपटात तसं काही नाही. पोप वारले आहेत, नवा पोप निवडायला जगभरचे कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू, व्हॅटिकनमध्ये जमले आहेत आणि त्या पदासाठी डावपेच चालले आहेत. डाव खेळला जातो तो संस्थेत. म्हणून 'धर्मसंस्थेतलं' किंवा सरळ 'चर्चमधलं' म्हणावं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला जाणारे शेजारीही तो फलक वाचणार आहेत, हे लक्षात घेतलं तर हा फरक कीस काढण्याचा राहत नाही.

'षडयंत्र' शब्दाबद्दल दोन गोष्टी. लिहायचाच तर 'षड्यंत्र' लिहा, कारण तो षट् अधिक यंत्र असा आहे आणि ड पाय मोडका हवा. पण इथे तो हवाच असं नाही. मराठीत 'कट' आहे, 'कारस्थान' आहे. कट शिजतो, कटात माणसं सामील होतात, कट उधळला जातो. एकट्याने कट होत नाही. कायद्यातही तेच आहे: जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 120-अ असो की 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 61, कटाला किमान दोघांची संगनमताने झालेली ठरवाठरव लागते. कारस्थान मात्र एकटा माणूसही करतो. शिवाय ते नेहमी काळंच असतं असंही नाही. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधल्या खुनानंतर राघोबादादांना गादीपासून दूर ठेवायला नाना फडणीस, सखारामबापू यांनी जे केलं ते 'बारभाईंचं कारस्थान' म्हणूनच शिकवलं जातं, आणि शिकवणाऱ्याचा सूर बहुधा कौतुकाचा असतो. 'कॉन्क्लेव्ह'मध्ये एकच एक मोठा कट नाही. जो तो आपापलं कारस्थान करतो आहे, आणि मतं विकत घेण्याच्या प्रकाराला तर आपल्याकडे 'घोडेबाजार' हा तयार शब्द आहेच. तेव्हा कारस्थान चपखल.

आता खरा गुंता. 'श्रद्धेवर विश्वास' म्हणजे 'श्रद्धेत ताकद असते असं मानणं'. व्याकरणाने वाक्य उभं राहतं, पण लिहिणाऱ्याला ते म्हणायचं नव्हतं. श्रद्धा आणि विश्वास एकमेकांजवळचे आहेत, एकच नाहीत. 'माझा भुतांवर विश्वास नाही' असं आपण म्हणतो, 'भुतांवर श्रद्धा नाही' असं नाही. विश्वासघात होतो, श्रद्धाघात होत नाही. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकावा असा, श्रद्धाळू म्हणजे जो स्वतः श्रद्धा ठेवतो असा. दोन विशेषणांची तोंडं दोन दिशांना आहेत! श्रद्धेत आदर आणि शरण जाणं आलं. विश्वास व्यवहारातही चालतो, बँकेवर, दूधवाल्यावर, डॉक्टरवर.

हा भेद या चित्रपटात फार कामाला येतो. त्यात एक संवाद आहे की दिवंगत पोपना शेवटी शेवटी शंका येत होत्या, पण देवाबद्दल नव्हे, चर्चबद्दल. मराठीत हे किती सोपं होतं पाहा: देवावरची श्रद्धा अढळ होती, चर्चवरचा विश्वास उडाला होता. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर वाक्याची धार जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. ख्रिस्ती मराठीत 'विश्वास' हा शब्द श्रद्धेच्याच अर्थाने मुरलेला आहे. मराठी बायबलात 'विश्वास, आशा, प्रीती' अशीच त्रयी येते आणि 'विश्वासणारे' म्हणजे ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारे. त्यामुळे कुणी ख्रिस्ती शेजारी 'माझा विश्वास' म्हणाले तर तो बँकेवरचा विश्वास समजू नये.

तिथेच आणखी एक खड्डा आहे. चित्रपटाचा नायक कार्डिनल लॉरेन्स जे प्रवचन देतो त्याचा रोख असा की श्रद्धा शंकेचा हात धरून चालते, कसलीच शंका न उरणं तिला मारक. हे सांगताना 'खात्री हा श्रद्धेचा शत्रू' असं भाषांतर चटकन सुचतं. पण बायबलातल्या 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकाच्या 11व्या अध्यायाचं पहिलंच वचन विश्वासाची व्याख्या करतं ती 'भरवसा' आणि 'खातरी' या शब्दांनी. म्हणजे ज्यांना बायबल पाठ आहे त्यांच्या कानाला ते वाक्य वचनाच्या थेट विरोधात लागेल, आणि वाद भलत्याच जागी सुरू होईल. तिथे 'निःशंकपणा' घ्यावा, किंवा बोलीत 'मलाच सगळं कळतं हा ताठा'. दुसऱ्यात थोडी भर पडते, पण रोख सुटत नाही.

आणि शंका की संशय? गीतेत (4.40) 'संशयात्मा विनश्यति' आहे, म्हणून संशय हा शब्द भारदस्त वाटतो. आजच्या मराठीत मात्र संशय माणसावर घेतात, संशयिताला पोलीस चौकीत नेतात. शंका गुरूला विचारतात, प्रवचनानंतर शंकासमाधान होतं. या चित्रपटात दोन्ही लागतात: कार्डिनल लॉरेन्सच्या मनात प्रार्थनेबद्दल असते ती शंका, आणि त्याला काही सहकाऱ्यांबद्दल येतो तो संशय. चित्रपटाबद्दल लिहिताना या दोन शब्दांची अदलाबदल करू नका.

'भाविकांनी चुकवू नये' हा पर्याय कुणी सुचवेल. नको. भाविक म्हटलं की दर्शनाची रांग आठवते, लोक प्रसादाची चौकशी करतील.

फलकासाठी मजकूर असा चालेल: 'पोपची निवड, बंद दाराआडची कारस्थानं आणि एका कार्डिनलच्या मनातली शंका. श्रद्धा आणि सत्ता यांचा थरारपट.'

अनेकवचनात 'कार्डिनल्स' करायची गरज नाही. एक डॉक्टर, चार डॉक्टर, तसंच एक कार्डिनल, शंभर कार्डिनल; प्रत्यय लागताना कार्डिनलांनी, कार्डिनलांमध्ये.